छत कोरडं, गादी ओली

१

राणीची गादी ओली आहे हे आधी माझ्या हाताला कळलं, मग डोक्याला, आणि मग माझ्या तोंडामुळे अख्ख्या कारखान्याला.

राणी म्हणजे बाई नव्हे, घरगाडी. चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, कपाटं, एवढंसं बेसिन. मोटारीच्या मागे जोडायची आणि निघायचं समुद्र बघायला. आमच्या गावात याच गाड्या बनतात, दुसरं काही बनत नाही. आणि राणी ही सगळ्यांत नवी, दुसऱ्या दिवशी समितीला दाखवायची गाडी.

समिती सरकारने नेमली होती. प्रश्न एवढाच, की घरगाडी ही चैन की उद्योग? चैन ठरली तर तिच्यावर असा कर बसणार होता की पुढे तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नसतं. मग आमच्या गावाने काय करायचं, हे काही समितीने कळवलं नव्हतं.

माझा त्यात काय संबंध? सांगते. शाळेच्या प्रकल्पासाठी मी एक भलामोठा कागद रंगवला होता, 'एका घरगाडीमागे किती घरं?' मधोमध गाडी, आणि तिच्याभोवती तिच्यावर जगणारी घरं. पडदे शिवणाऱ्या माझ्या आईचं घर. सुताराचं, काच कापणाऱ्याचं, फोमवाल्याचं, टायरवाल्याचं, पेट्रोल पंपावरच्या दादाचं. पार लांबच्या जंगलात गाड्या लावायला जागा देणाऱ्या बाप्याचं, आणि त्याला अंडी पुरवणाऱ्या आजीचंही. प्रत्येक घरी मी स्वतः जाऊन आले होते. कारखान्याच्या मालकीणबाईंना तो कागद इतका आवडला की म्हणाल्या, "समितीला तूच समजावून सांग."

गेल्या वर्षीपर्यंत मला वर्गात 'हजर' म्हणतानाही घाम फुटायचा. मग चुकून वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले, चुकून पहिली आले, आणि तेव्हापासून माझं तोंड बंद करण्याचं बटण कोणाला सापडलेलं नाही. मामा मला 'भोंगा' म्हणतो.

तर कागद कुठे लावायचा ते बघायला मी सकाळी राणीत शिरले. आत कोणी नव्हतं. पलंग असा गुबगुबीत, चादर अशी कडक! आमच्या गावात असे पलंग ढिगाने बनतात, पण त्यावर झोपलेलं माणूस मी एकही पाहिलेलं नाही. चपला काढल्या आणि पडले. एकदाच. उठल्यावर चादर चुरगळलेली दिसली, म्हणून तिची कड गादीखाली खोचायला हात घातला.

हाताला गार पाणी लागलं.

मी किंचाळले. गुपचूप मामाला बोलावता आलं असतं, पण भोंगा तो भोंगा. सगळे धावत आले आणि मालकीणबाई सगळ्यांत आधी. हल्ली त्या गेट उघडायच्या आधीपासूनच कारखान्यात असायच्या.

"छत गळलं," कोणीतरी मागून म्हणालं.

झालं. सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या.

२

माझ्या मामाला सगळं गाव डिंकमामा म्हणतं. छताच्या सांध्यांमध्ये जो चिकट मसाला भरतात त्याला कारखान्यात 'डिंक' म्हणतात, आणि तो भरावा तर मामानेच. गाडी तयार झाली की ती पाऊसघरात नेतात. म्हणजे वरून आणि बाजूंनी पाण्याचे फवारे असलेली शेड. फवारे सुरू झाले की मामा आत पलंगावर उताणा पडून राहतो, तोंड छताकडे करून. थेंब पडला तर माझ्या तोंडावर पडू दे, असं त्याचं म्हणणं. राणीची ती परीक्षा आदल्याच संध्याकाळी झाली होती आणि मामा कोरड्या तोंडाने बाहेर आला होता.

आता तोच मामा दारात उभा राहून छताकडे बघत होता.  मग मान खाली घालून म्हणाला, "माझाच हात चुकला असेल, बाई."

मला वाटलं बाई म्हणतील, छे हो मामा, तुमचा हात? त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. पायपुसण्याकडे बघत म्हणाल्या, "मामा, तुम्ही आज घरी जा. उद्या समितीने विचारलं तर... काहीतरी सांगावं लागेल."

'काहीतरी' म्हणजे मामाचं नाव. हे तिथल्या स्क्रूड्रायव्हरलाही कळलं असतं. आणि ज्या डिंकवाल्याचं छत समितीसमोर गळलं, त्याला पुन्हा शिडीवर कोण चढवणार?

मामाने खिशातली डिंक दाबायची पत्र्याची पट्टी काढून ओट्यावर ठेवली आणि निघून गेला.  

आई खिडकीपाशी पडदे नीट करत होती, डोळ्यांतलं पाणी लपवायला. अचानक म्हणाली, "हे कोणी लावलं?"

दोन पडद्यांच्या मधे बोटभर फट राहत होती. ती फट कोणीतरी केसांची पिन लावून बंद केली होती.

"तुझीच असेल," मी म्हटलं.

"माझी? माझ्या केसांत पिन टिकते का कधी! पडदे बोटभर आखूड पडले ते मात्र माझंच पाप. कापड वाचवायला गेले."

पिन मी खिशात टाकली. प्रदर्शनाच्या गाडीत पडद्याची फट कोणाला सलत होती?

३

गादी बाहेर उन्हात उभी केली होती. सगळे तिच्याभोवती सुतकी चेहऱ्याने फिरत होते, पण बघत कोणीच नव्हतं. मी बघितलं.

वरची बाजू खडखडीत कोरडी. छतातून पाणी पडलं तर ते आधी कुठे पडेल? वर! इथे ओल फक्त खाली होती. तीही अख्ख्या गादीला नाही, खिडकीकडच्या अर्ध्या भागाला. मग मी राणीत जाऊन पलंगाची फळी बघितली. त्याच अर्ध्या भागावर काळे बारीक ठिपके होते. बुरशी! बुरशी काय एका संध्याकाळच्या फवाऱ्याने येते? आमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात तिला आठवडे लागले होते. छताला आतून लावलेलं कापड मी खुर्चीवर चढून इंच इंच तपासलं. पांढरंशुभ्र. एक डाग नाही.

म्हणजे छत गळलेलंच नव्हतं. आणि मामाला हे कळलं नसेल? डाग नाही हे मला दिसतं आणि त्याला नाही?

मग तो खोटं का बोलला?

मी पेन्सिलकाकांना गाठलं. हे आमचे मुख्य सुतार. कानामागे पेन्सिल असते आणि ती शोधत दिवसभर फिरतात.

"काका, पलंग तुम्ही केलात ना?"

त्यांच्या हातातली करवत थांबली. "तुला कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"पट्ट्यांचं." ते खाटकन स्टुलावर बसले. "इतकी वर्षं पलंगाला लाकडी पट्ट्या मारतोय, मधे फटी ठेवून. राणीला म्हटलं खाली मोठा खण करू, वरून एकच सलग फळी टाकू. दिसायला गुळगुळीत. माझ्या गुरूने पट्ट्याच मारायला शिकवलं होतं. का, ते मी कधी विचारलं नाही. काल रात्रीपासून छातीत धडधडतंय बघ."

"काल रात्री तर गादी ओली आहे हे माहीतच नव्हतं!"

"मला आपलं कधीपण धडधडतं गं."

पुढे गेटवरचे जागरणकाका. रात्रपाळीचे पहारेकरी. ते इतक्या मनापासून झोपतात की त्यांचं घोरणं पंपापर्यंत ऐकू येतं, म्हणून हे नाव. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी कान पकडले. "मीच केलं. बोळा मीच घातला."

"कसला बोळा?"

"राणीच्या तळाला हवेसाठी जाळी आहे ना, तिच्यात. बाईंनीच सांगितलं, आतून पायाला वारं झोंबतं, काहीतरी कोंबा तिथे. मी गोणपाट कोंबलं. त्यातूनच पाणी चढलं असेल, नाही का?"

"कोरड्या गोणपाटातून पाणी कसं चढेल काका?"

"मला काय माहीत. मी झोपलो होतो."

मी हसले, वळले, चार पावलं गेले आणि थबकले. पायाला वारं झोंबतं? बाई तर राणीत येतात त्या भरदुपारी, पायात बूट घालून, पाहुण्यांना दाखवायला. गाडीच्या जमिनीतून येणारं वारं त्यांच्या पायाला कधी झोंबलं?

४

कागदावरचं एक चित्र रंगवायचं राहिलं होतं म्हणून मी पंपावर गेले. खोटं कशाला बोलू, धंदा कसा चाललाय हे विचारायच्या निमित्ताने मला हेरगिरीच करायची होती.

"धंदा?" पंपावरचा दादा म्हणाला. "तुमच्या घरगाड्यावाले येतात तोवर आहे धंदा. एक गाडी आली की पेट्रोल, हवा, पाण्याच्या बाटल्या, पोरांना बिस्किटं, वर रस्ता विचारतात तो फुकट. पण तुमच्या मालकीणबाईंनी मात्र पाठ फिरवली आमच्याकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांची मोटार हल्ली उपाशी. घर त्यांचं टेकडीच्या पार त्या टोकाला. रोज जाऊन-येऊन टाकी किती रिकामी व्हायची! थंडी पडल्यापासून एकदाही आल्या नाहीत. दुसरीकडे भरत असतील. आपलं काही चुकलं का, विचार जरा. माझं पोरगं त्या दिवशी त्यांना सुटे पैसे देताना उद्धट बोललं होतं." आणि तोही अपराधी चेहरा करून नळीशी चाळा करू लागला.

मला हे गावच कळेना. गुन्हा एक आणि कबुलीजबाब दारोदार!

संध्याकाळी आईने मामासाठी डबा दिला. मामा आमच्याच मागच्या खोलीत राहतो. आई मशीनपाशी बसून म्हणाली, "त्याला सांग, गादीच्या खालच्या बाजूला रेक्झीन मी लावलं होतं. कापडी अस्तर लावायचं सोडून. म्हटलं पुसायला सोपं. त्यानेच काहीतरी झालं असणार. तो उगाच स्वतःवर घेतोय."

"आई, रेक्झीनमधून पाणी कुठून येईल?"

"ते तू शोध. तूच हुशार ना!"

मामा अंधार पडला तरी दिवा न लावता बसला होता. मी दिवा लावला, डबा पुढ्यात ठेवला. वरण गरम होतं, बाहेर कडाक्याची थंडी. त्याने झाकण उघडलं आणि सवयीने उलटं करून झटकलं. माझ्या गालावर थेंब उडाले.

मी त्या झाकणाकडे बघतच राहिले. वरण खाली, पाणी वर झाकणाला. कोणी ओतलं नाही, कुठून गळलं नाही. आतली वाफ वर गेली, गार पत्र्याला लागली आणि तिचं पाणी झालं.

"मामा," मी म्हटलं, "माणूस पण गरम असतो, नाही?"

त्याचा घास हातातच राहिला.

"बंद गाडी. जाळीत बोळा. बाहेर थंडी. गादीवर माणूस रात्रभर झोपलं तर त्याच्या अंगाची वाफ गादीतून खाली जाणार. खाली पट्ट्या असत्या तर हवा खेळली असती. पण खाली रेक्झीन, त्याखाली सलग गार फळी. म्हणजे झाकण! वाफेचं तिथे पाणी होणार. रोज थोडं थोडं. वरून काही कळणारच नाही. मामा, राणीत कोणीतरी झोपतंय! अर्ध्या पलंगावर, एकटं. आणि ते कोण हे तुला माहीत आहे!"

मामाने उठून दार लावून घेतलं. "भोंग्या, हळू."

"तू पाऊसघरात आत पडून असतोस. तू बघितलंस काहीतरी."

"खालच्या खणात," तो कुजबुजला, "घडी घातलेले कपडे. चष्म्याचं घर. टूथब्रश." मग माझा हात धरला. मामाने असा हात मी लहान असताना रस्ता ओलांडताना धरला होता. "तू कोणाला बोलणार नाहीस. मी डिंकवाला आहे, एका सांध्याला हात चुकला म्हटलं तर लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. पण त्या माणसाची लाज निघाली तर परत जागेवर बसवता येत नाही. कबूल?"

मी काहीच बोलले नाही. आणि गप्प बसणं म्हणजे होकार असं त्याला वाटलं.

५

सकाळी मी सगळ्यांना राणीत बोलावलं.

हो, माहीत आहे. पण मामाचं नाव जाणार होतं, आणि तेही माझ्या किंचाळण्यामुळे. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं, जे मला आज लिहितानाही गिळवत नाही. कोडं मी सोडवलं होतं. ते सगळ्यांसमोर सांगायला माझी जीभ वळवळत होती.

राणीत सहा माणसं म्हणजे बारा गुडघे. आई ओट्याला टेकून, पेन्सिलकाका कपाटात अर्धे, जागरणकाका उभ्या उभ्या पेंगत. मामा आला तो मला डोळ्यांनी 'नको' म्हणत. मालकीणबाई उघड्या फळीच्या कडेवर बसल्या. डोळे सुजलेले. केस नेहमीसारखे घट्ट बांधलेले नव्हते, रबरात कसेबसे कोंबलेले.

मी सुरुवात केली. बुरशी, पांढरं छत, डब्याचं झाकण. काय सुंदर जमलं होतं! पेन्सिलकाकांनी "म्हणून पट्ट्या!" म्हणत कपाळावर हात मारला आणि पेन्सिल खाली पडली. आईने "अगं बाई, रेक्झीन" म्हणत तोंडावर हात ठेवला.

"छत गळलेलं नाही," मी म्हटलं. "आपण सगळ्यांनी ही गाडी पावसासाठी बनवली, वाऱ्यासाठी बनवली, बघायला बनवली. झोपायला बनवली, पण झोपून कोणीच बघितलं नव्हतं. आपल्यापैकी एका माणसाशिवाय. आता जागरणकाका कोणाच्या सांगण्यावरून..."

तेवढ्यात दार वाजलं. हे दार जरा अडतं. मामाला, काकांना, सगळ्यांना ते हिसका देऊन उघडावं लागतं. बाईंनी मान न वळवता हात मागे नेला, कडी किंचित वर उचलली आणि दार लोण्यासारखं उघडलं.

बाहेर समितीवाल्या मॅडम उभ्या होत्या. दिलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी. "आवाज छान आहे मुलीचा," त्या आत डोकावत म्हणाल्या. "रस्त्यापर्यंत येत होता. कोण झोपत होतं इथे?"

६

मी बाईंच्या हाताकडे बघत होते. तो हात अजून कडीवर होता. आपल्या घराच्या कडीवर असतो तसा.

आणि माझं लक्ष खाली गेलं. बाईंचे बूट दाराशी, पायपुसण्यावर, एकाशेजारी एक नीट ठेवलेले. बाकी आम्ही सगळे चपला-बूट घालून त्यांच्या झोपायच्या खोलीत उभे होतो.

माझ्या खिशात ती पिन होती. ती मुठीत धरली, टोचली, तरी धरून ठेवली.

"सांग ना," मॅडम म्हणाल्या.

"मला... नाही माहीत," मी म्हटलं. स्पर्धेनंतर पहिल्यांदाच माझा आवाज मांजरीसारखा निघाला.

मामा पुढे झाला. "पोर आहे, मॅडम. गोष्टी रचते. छत गळलं. डिंक मी भरला होता. आजवर माझं एकही छत गळलं नाही, हे गळलं." शेवटचं वाक्य बोलताना त्याला किती जड गेलं ते त्याच्या मानेवर दिसलं.

"खोटं बोलताय मामा," बाई म्हणाल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या. "मी झोपत होते. थंडी पडल्यापासून. छतातून एक थेंब पडत नाही हे माझ्याइतकं या जगात कोणाला माहीत नाही. आणि तरी काल मी यांना घरी पाठवलं." मग मामाकडे वळून, "तुम्हाला घरी पाठवून मी रात्री तुमच्याच छताखाली पडले होते, मामा. या फळीवर. डोळ्याला डोळा लागला नाही."

मामा म्हणाला, "वारं लागलं का? बोळा होता ना?"

कोणीतरी हसलं. मला वाटतं जागरणकाका. ते हसू लगेच विझलं.

"का?" मॅडमनी विचारलं.

"घर विकलं. पगार थांबवायचे नव्हते. हे बाहेर कळलं असतं तर फोमवाल्याने फोम दिला नसता, टायरवाल्याने टायर. मग हिच्या कागदावरची घरं एकेक करून..." बाई थांबल्या. "नाही. हे सगळं नंतरचं. आधी लाज वाटली. घरगाड्या बनवणारीला घर नाही, असं लोक म्हणतील, म्हणून."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पेन्सिलकाका म्हणाले, फळी माझी, बाईंचा काय दोष. आई म्हणाली, रेक्झीन माझं, पडदे आखूड तेही माझेच. जागरणकाका म्हणाले, मी जागा असतो तर बाईंना निदान विचारलं असतं, थंडीत चहा दिला असता. मामा म्हणाला, "मला कळलं होतं. कपडे बघून खण लावून टाकला. गादी उलटून बघितली असती तर त्यांना ओलीवर झोपावं लागलं नसतं." मी म्हटलं, मी किंचाळले. ते कोणी ऐकलंच नाही, सगळे एकदम बोलत होते.

"थांबा, थांबा!" मॅडमनी हात वर केला. "एका ओल्या गादीमागे एवढी माणसं?"

भिंतीवर माझा कागद लावलेला होता. त्यांनी तो वाचायला घेतला, पडदे शिवणारीचं घर, सुताराचं घर, पहारेकऱ्याचं घर, बोट ठेवून एकेक. मग विचारलं, "यातलं कोणी या गाडीतून कधी सुट्टीला गेलंय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आई मशीनवर बसल्यासारखी मान खाली घालून उभी. पेन्सिलकाका पेन्सिल शोधत होते, ती त्यांच्या पायाखाली होती.

"अहवालात काय लिहायचं ते मी इथे सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "मला अजून बरेच कारखाने बघायचे आहेत. पण पलंग नीट करा. आणि पुढची गाडी विकायच्या आधी तिच्यात कोणीतरी झोपून बघा." दारात त्या थांबल्या आणि मामाला म्हणाल्या, "छत गळलं नाही, असं मात्र मी लिहून घेतलंय."

मामाने ओट्यावरची डिंकाची पट्टी उचलली, शर्टाला पुसली आणि खिशात घातली.

पेन्सिलकाकांनी त्याच दुपारी सलग फळी उचकटली आणि पट्ट्या मारायला घेतल्या, फटी ठेवून. आईने रेक्झीन उसवलं. जाळीतला बोळा जागरणकाकांनी ओढून काढला आणि स्वतःच्या खुर्चीखाली टाकला, पायाला ऊब म्हणून. आईने बाईंना विचारलं, "आजपासून आमच्याकडे?" बाईंनी मान हलवली, ती हो होती की नाही ते कळलं नाही. पण संध्याकाळी आईने ताटं मांडली तेव्हा एक जास्त मांडलं.

मी कागद गुंडाळायला गेले होते. एकेका घरावरून नजर फिरवली. मी गावातल्या सगळ्या घरांत गेले होते. अंडी देणाऱ्या आजीच्या घरी दोनदा. बाईंच्या घरी एकदाही नाही. त्यांच्या जागी मी कारखान्याचं चित्र काढलं होतं, धुराड्यासकट. त्यांनाही एखादं घर असेल, हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नव्हतं. मी पेन्सिल घेतली आणि कारखान्याच्या शेजारी एक घर काढलं, पुसट. शाई वापरायची हिंमत होत नव्हती, कारण ते आता नव्हतंच.

मागे बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी खिशातली पिन काढून पुढे धरली. मला "चुकलं" म्हणायचं होतं. 

त्यांनी पिन घेतली, केसांत खोचली आणि कागदावर वाकून बघत राहिल्या.

"पेन्सिलने कशाला?" त्या म्हणाल्या. "शाईने काढ. आणि खाली चाकं काढायला विसरू नकोस."